झाड कुणाचं, गवत कुणाचं?

(कल्याण येथे महिला मंडळे आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या एका दिवसाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'स्त्रिया आणि पर्यावरण' असा छापला आहे. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी तयारी नाही. मी आज फक्त चार एकर वरकस जमिनीबद्दल बोलणार आहे. त्या चार एकरांत काय काय येतं हे बघितलं, की बाकीचा विषय आपोआप समोर येतो असा माझा अनुभव आहे.

इथे निम्म्या जणी डोंबिवली-ठाण्याच्या आहेत, निम्म्या मुरबाड-शहापूरहून एसटीने आलेल्या. गावाकडच्या बायकांना वरकस म्हणजे काय हे सांगायला नको. शहरातल्या मैत्रिणींसाठी सांगते. आपल्या ठाणे जिल्ह्यात शेतकऱ्याकडे खाली सखल जागेत भाताची खाचरं असतात आणि वर उताराला, टेकाडाला वरकस. सातबाऱ्यावर तसा शब्दच लिहिलेला असतो. या वरकसात भात होत नाही. तिथे नाचणी-वरी निघते, गवत होतं, गुरं चरतात आणि झाडं असतात : साग, ऐन, धावडा, मोह, पळस. झाडांच्या फांद्या थंडीत छाटायच्या, वाळवायच्या आणि शेण, गवत, पालापाचोळा यांच्यासकट भाताच्या रोपाच्या जागेवर पसरून पावसाआधी जाळायच्या. याला राब म्हणतात. म्हणजे खालचं भात वरच्या वरकसावर उभं असतं. वरकस गेलं की गुरं जातात. गुरं गेली की शेण जातं, राब जातो आणि बैलही जातो.

हे पूर्वीच्या सरकारलाही कळत होतं. १८७८च्या वनकायद्यानंतर ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांचे राबाचे हक्क अडवले गेले, त्यावरून एवढी ओरड झाली की इंग्रज सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. १८८७ साली त्याचा अहवाल आला. झाड, गवत आणि भात यांचा हा वाद आपल्या जिल्ह्यात जवळजवळ दीडशे वर्षं चालू आहे. त्यात बाईचं म्हणणं काय, हे मात्र कुणी वेगळं विचारलेलं माझ्या वाचनात नाही.

एका घराची गोष्ट

मी एमएसडब्ल्यू झाले आणि कामाला लागले तेव्हा मुरबाड तालुक्यातली काही गावं माझ्याकडे होती. डोंबिवलीहून लोकलने कल्याण, तिथून एसटी. त्यातल्या एका कुणबी घरात माझं जाणं-येणं जास्त होतं. नाव सांगत नाही. मी तिला वहिनी म्हणते, तुम्हीही वहिनीच म्हणा. घरात म्हातारी सासू, दोन भाऊ, मोठ्याची बायको ही वहिनी, धाकटा भाऊ अंबरनाथला कारखान्यात. एक नणंद, बदलापूरला दिलेली. दीड एकर भात आणि चार एकर वरकस. गोठ्यात बैलजोडी, तीन गाई, एक म्हैस आणि वासरं. वरकसात साठेक साग उभे. सासऱ्यांनी राखलेले.

वहिनीच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. त्या गावातून नर्सिंगला जाणारी ती पहिली मुलगी. फी भरायची होती. तेवढ्यात लाकडाचा व्यापारी दारात आला. अशा माणसांना गावात कुणाची मुलगी कधी पास झाली हे आपल्या आधी कळतं. तो म्हणाला, साठच्या साठ साग उक्ते द्या, परवानगी-बिरवानगी सगळं मी बघतो, तुम्ही फक्त मुखत्यारपत्रावर सही करा. भाऊ तयार झाले.

मला कळलं तेव्हा मी धावत गेले. काय बोलले ते आज आठवलं की लाज वाटते. झाडं तोडू नका, डोंगर उघडा पडेल, पाणी आटेल, असं सगळं बोलले. वहिनीने चहा दिला आणि म्हणाली, "ताई, झाडं तुमी वाचवा, पन पोरीची फी कोन भरंल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या चळवळीत आपण फार सहज म्हणतो की बाई झाडाच्या बाजूने असते आणि बाप्या पैशाच्या. उदाहरणंही आहेत. १९७४ साली गढवालमधल्या रेणी गावात पुरुष बाहेर गेलेले असताना गौरादेवी आणि गावातल्या बायका झाडांपाशी उभ्या राहिल्या आणि ठेकेदाराच्या माणसांना परत पाठवलं. तो इतिहास आपला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण वहिनीला झाडही हवं होतं, गवतही हवं होतं आणि मुलीची फीसुद्धा हवी होती. तिला झाडाची रखवालदार करून आपण मोकळं व्हायचं, हा तिच्यावर अन्यायच होता.

कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी

मग मी दुसरी चूक केली. आदर्श गाव योजनेची पुस्तिका माझ्या पिशवीत होतीच. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. १९९०च्या दशकापासून महाराष्ट्रात हे शब्द गावोगाव भिंतींवर रंगवले गेले. राळेगणसिद्धी, हिवरेबाजारला त्यातून पाणी अडलं, गवत वाढलं, हे खरं आहे. मी वहिनीच्या घरी सांगितलं, थोडी झाडं तोडा, पण गुरं आत सोडू नका. गवत कापून आणा आणि गोठ्यात घाला. शास्त्राच्या दृष्टीने हा सल्ला चुकीचा नव्हता.

पण विचार करा. गुरं मोकळी चरायला जात होती तेव्हा त्यांच्यामागे कोण होतं? म्हातारे आजोबा होते तोवर आजोबा, नंतर शाळा सुटल्यावर मुलगा, कधी शेजारचा गुराखी. चराईबंदी झाली की गवत कापायचं कुणी? बाईने. भारा बांधून डोक्यावरून खाली आणायचा कुणी? बाईने. गोठ्यात बांधलेल्या गुरांना पाणी शेंदून घालायचं, शेण काढायचं कुणी? पुन्हा बाईने. गुरं आपल्या पायांनी गवताकडे जात होती, आता गवत बाईच्या डोक्यावरून गुरांकडे येऊ लागलं. कुऱ्हाडबंदी झाली की सरपण लांबून आणायचं, तेही बाईनेच. दोन्ही बंद्यांचे ठराव ग्रामसभेत हात वर करून झाले. श्रमाचा हिशोब कुणी मांडला नाही.

वहिनीने पहिल्या पावसाळ्यात ते करून पाहिलं. दिवाळीत मी गेले तर तिची मान आखडलेली. म्हणाली, "ताई, तुमच्या बंदीनं गुरं बसली, मी उठली." हे वाक्य मी आजवर प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आले आहे.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की झाड आणि गुरं यांचा मेळ घालायची कुठलीही योजना समोर आली तर आधी तासांचा हिशोब करा. सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाचे किती तास वाढतात आणि कुणाचे कमी होतात ते कागदावर मांडा. तो कागद बघितल्याशिवाय कुठल्याही ठरावाला हात वर करू नका.

सुतळीने मोजलेलं झाड

आता त्या साठ सागांचं काय झालं ते सांगते. व्यापाऱ्याला आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि त्या पंधरा दिवसांत झाडं मोजली. मोजणं अवघड नाही. ते तुम्हीही शिकून जा.

छातीच्या उंचीवर झाडाभोवती सुतळी गुंडाळायची. तो झाडाचा घेर. घेराचे चार भाग करायचे. एका भागाला त्याच भागाने गुणायचं आणि मग सरळ खोडाच्या लांबीने गुणायचं. सगळं फुटात घेतलं की उत्तर घनफुटात येतं. लाकडाच्या बाजारातली गोल लाकूड मोजण्याची ही जुनी रीत आहे. समजा घेर तीन फूट आहे आणि खोड दहा फूट सरळ आहे. तीनचा चौथा भाग पाऊण. पाऊण गुणिले पाऊण गुणिले दहा, म्हणजे साडेपाच घनफुटांपेक्षा थोडं जास्त. आता घेर दीड फूट असलेलं तेवढ्याच उंचीचं झाड घ्या. ते भरतं दीड घनफुटाच्याही आत. घेर अर्धा झाला की लाकूड अर्धं होत नाही, पाव होतं. उभं झाड शेंड्याकडे निमुळतं होत जातं, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी भरतं. पण अंदाजाला एवढं पुरतं.

वहिनी चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या मुलीने वहीत आकडे लिहिले आणि दोघींनी मिळून साठ झाडं मोजली. तेव्हा कळलं की साठांपैकी वीसच झाडं जाड आहेत आणि बहुतेक लाकूड त्या विसांतच आहे. उरलेली चाळीस हडकुळी. व्यापारी साठ झाडं उक्ती मागत होता, म्हणजे विसांचे पैसे देऊन चाळीस फुकट नेणार होता. तीच चाळीस आणखी काही वर्षं उभी राहिली तर दर झाडामागे चौपट लाकूड देणार होती. हे भावांना आकड्यांत दाखवलं तेव्हा ते ऐकू लागले. पर्यावरणावरच्या माझ्या भाषणाने जे झालं नाही ते सुतळीने झालं.

वीस झाडं तोडायची, तीही कायद्याने, असं ठरलं. महाराष्ट्रात १९६४चा झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा आहे. साग, ऐन, खैर, मोह, आंबा, फणस, चिंच, हिरडा, जांभूळ अशी काही झाडं त्याच्या यादीत आहेत. ती आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि तोडल्यावर वाहतुकीचा पास लागतो. आदिवासी खातेदाराच्या मालकी झाडांसाठी १९६९चा वेगळा कायदा आहे. त्यात विक्री जिल्हाधिकारी आणि वनखात्यामार्फत होते. व्यापाऱ्याने परस्पर झाडं उचलून हातावर चार पैसे टेकवू नयेत हा त्यामागचा हेतू. आणखी एक गोष्ट बघायची. १९७५च्या खासगी वन संपादन कायद्याखालच्या नोंदी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ सातबाऱ्यांवर आहेत. अशी नोंद असेल तर आधी तिचा निकाल लावावा लागतो. नाहीतर झाडही जातं आणि खटलाही होतो.

परवानगीला महिने लागतात, फी मात्र महिन्याच्या आत भरायची असते. नेमक्या या फटीत व्यापारी शिरतो. आमच्याकडे ही फट बचत गटाने भरली. गटाने वहिनीला कर्ज दिलं, फी भरली गेली, आणि झाडं घाईने विकावी लागली नाहीत. बचत गट म्हणजे पापड-लोणची असं समजणाऱ्यांना मी हे उदाहरण देते. गटाच्या त्या कर्जामुळे चाळीस साग उभे राहिले.

तोडीनंतरची तीन वर्षं

साग तोडला म्हणजे मेला असं नाही. थंडीच्या दिवसांत, जमिनीलगत, साल न फाटता तिरका कापला, तर पावसाळ्यात खुंटातून धुमारे फुटतात. मुळं जुनी असल्यामुळे ते नव्या रोपापेक्षा लवकर वाढतात. त्यातला एक, फार तर दोन चांगले ठेवायचे आणि बाकीचे काढायचे. सागाचं पान गुरं सहसा खात नाहीत, पण कोवळा धुमारा तुडवतात, अंग घासून मोडतात. ऐन-धावड्याचे धुमारे तर खाऊनच टाकतात. म्हणून तोड झालेल्या जागेत पहिली दोन-तीन वर्षं गुरं सोडायची नाहीत. वनखात्याच्या कुपातही तोडीनंतर चराई बंद ठेवायची रीत होती.

पण गवत तसंच ठेवून कुंपण घातलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागतो आणि धुमारे जळून जातात. म्हणजे गवत तिथून निघालंच पाहिजे. त्यातही आपल्याकडची कुसळी वेळेत कापावी लागते. कुसळं धरल्यावर ती गुरांच्या तोंडाला टोचते आणि तिचा कसही जातो.

चुकत-माकत जमलेली व्यवस्था अशी. वरकसाचे तीन तुकडे केले. एकात वीस झाडांची तोड झालेली, तो गुरांना बंद. तिथलं गवत फक्त कापून आणायचं. दुसरा पावसाळ्यात बंद आणि दसऱ्यानंतर गवत कापून झालं की गुरांना मोकळा. तिसरा चरायला. बंद तुकड्याच्या कडेने गवत काढून जाळरेषा घेतली. दर वर्षी तुकड्यांचा क्रम बदलायचा. मात्र धुमारे गुरांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत तोडीचा तुकडा उघडायचा नाही. आणि भारे वाहण्याचं काम एकट्या वहिनीने करायचं नाही. धाकटा दीर सुट्टीच्या दिवशी येईल, नवरा रोज एक भारा आणील, असं सासूबाईंसमोर ठरलं. पहिल्या वर्षी ते निम्मंच पाळलं गेलं. दुसऱ्या वर्षी थोडं जास्त.

राबाचाही विचार केला. राबासाठी दर वर्षी झाडं ओरबाडली तर ती वाढणार कशी? भाताच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख वापरतात आणि खाचरात गिरिपुष्पाचा हिरवा पाला गाडतात. डॉ. नारायण सावंत यांनी ही पद्धत बसवली. बांधावर गिरिपुष्प लावलं की वरकसातल्या ऐनावरचा भार हलका होतो, आणि पाल्याचा भारा घराजवळच मिळतो. या घराने राब पूर्ण सोडला नाही, निम्म्यावर आणला.

गुरांच्या संख्येचं मात्र उत्तर मिळालं नाही. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक राहिलं नाही. म्हशाच्या जत्रेत नवा बैल घ्यायचा तर जुना विकून थोडे पैसे उभे राहत, ते थांबलं. काम न करणारा बैल गोठ्यात राहतो, गवत खातो, आणि ते गवत वहिनीच्या डोक्यावरून येतं. या कायद्याबद्दल वेगवेगळी मतं असतील. त्या चर्चेत हा भारा कुणी धरत नाही, एवढंच माझं म्हणणं.

कुंपणाबाहेरच्या बायका

आता आम्हाला उशिरा दिसलेली गोष्ट. पहिल्या वर्षी काट्यांचं कुंपण घातलं आणि महिनाभरात ते दोन ठिकाणी मोडलं. भाऊ चिडले. म्हणाले, वाडीवरच्या कातकरी बायका मोडतात, तक्रार करू. मी वाडीवर गेले. तिथली एक म्हातारी म्हणाली, "आमी इथून काटक्या नेत होतो, तुमच्या सासऱ्याच्या टायमापासून. आमाला कोनी सांगितलं नाय."

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही वरकसाचे तीन तुकडे केले, सुतळीने झाडं मोजली, दिराला कामाला लावलं, पण त्या जमिनीवर ज्यांची चूल पेटते त्या बायकांना बैठकीला बोलावलंच नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या वहिनीसाठी आम्ही भांडत होतो, आणि जिच्याकडे सातबाराच नाही तिला कुंपणाबाहेर ठेवत होतो. बाईच्या हक्काची भाषा करताना आपल्या आतली जात आणि जमीन कशी गप्प बसून राहते, याचा तो धडा होता.

पुढच्या वर्षी बदल केला. वाळलेल्या काटक्या वाडीवरच्या बायकांनी न्यायच्या, हिरवी फांदी तोडायची नाही. बंद तुकड्यातलं गवत त्यांनी कापायचं, अर्धं त्यांचं, अर्धं घराचं. त्यांचा वाटा तबेलेवाल्यांचा माणूस येऊन घेऊन गेला. तेव्हापासून कुंपण मोडलं नाही आणि वहिनीच्या मानेलाही थोडा आराम मिळाला. आता वाडीवरच्या बायका म्हणतात की अर्ध्या वाट्यात मजुरी पडत नाही. त्यांचं बरोबर आहे. ती बोलणी अजून चालू आहेत.

गवताची मजुरी हा आपल्या जिल्ह्यात जुनाच लढा आहे. १९४५च्या जानेवारीत इथून जवळच, टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद झाली. त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. मागणी होती पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण त्यात गेले. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या कामासाठी सव्वा रुपया रोजाची मागणी घेऊन संप झाला. गवत आणि लाकूड, दोन्हींसाठी माणसं लढली आणि बायका त्यात होत्या. यातला डहाणूचा भाग २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून वेगळा होऊन पालघर जिल्ह्यात गेला, पण तो इतिहास आपलाही आहे.

सही कुणाची?

शेवटचा मुद्दा कागदाचा. व्यापाऱ्याच्या मुखत्यारपत्रावर सही करायची वेळ आली तेव्हा सातबारा काढला. मालक म्हणून दोघे भाऊ. सासूबाई आणि नणंद 'इतर हक्का'त. वहिनी कुठेच नाही. चार एकरांतला प्रत्येक ऐन जिला पाठ आहे, ती कागदावर नाही.

सासू आणि नणंद यांना 'इतर हक्का'त बसवायची ही रीत आपल्याकडे सर्रास आहे. विधवा पत्नी आणि मुलगी मुलाइतक्याच वारस आहेत. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मजात हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तोही २२ जून १९९४पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभर तो २००५ साली आला, आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वडील २००५पूर्वी वारले असले तरी तो हक्क जात नाही. तरी भाऊबीजेला साडी आणि त्याबरोबर हक्कसोडपत्र, हे चालूच आहे. या घरातही नणंदेला असंच बोलावलं होतं. वहिनीनेच तिला फोन करून सांगितलं, "सही करू नको, आधी ये आणि झाडं बघ." ज्या वहिनीचा स्वतःचा त्यात काही वाटा नाही तिने नणंदेचा वाटा वाचवला. नणंद-भावजयीचं हाडवैर असतं असं सांगणाऱ्यांना हे सांगा.

सुनेला मात्र नवरा जिवंत असताना त्याच्या जमिनीत वारसाहक्क नाही. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८६ साली चांदवडला हजारो बायका जमवल्या. त्यानंतर संघटनेची लक्ष्मी मुक्ती मोहीम सुरू झाली : नवऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. त्याच नावाची सरकारी योजनाही आहे. नवऱ्याने अर्ज केला तर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लागतं. तलाठ्याकडे जाऊन विचारा. विचारणाऱ्या बायका कमी, म्हणून योजना कपाटात.

आदिवासी बहिणींची गोष्ट वेगळी. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू नाही. तिथे रूढीकडे बोट दाखवलं जातं. जुलै २०२५मध्ये एका गोंड स्त्रीच्या वारसांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वाटा नाकारणारी रूढी सिद्ध होत नसेल तर केवळ बाई म्हणून वाटा नाकारता येणार नाही. आणि वनहक्क कायदा २००६ तर स्पष्टच आहे : वैयक्तिक दावा मंजूर झाला की पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे. चराईचा आणि गौण वनोपजाचा हक्क सामूहिक. इमारती लाकूड त्यात येत नाही, बांबू येतो. वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका हव्यात आणि ग्रामसभेच्या कोरममध्येही एक तृतीयांश. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे बांबू स्वतः विकला. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर तुमच्यापैकी किती जणींनी पट्ट्यावर स्वतःचं नाव वाचून बघितलं आहे? आज घरी गेल्यावर बघा.

२०१६पासून उज्ज्वलाचं गॅस कनेक्शन घरातल्या बाईच्या नावावर मिळतं. सिलिंडर महाग झाला की ती पुन्हा काटक्यांना जाते. सिलिंडर बाईच्या नावावर आणि जमीन बाप्याच्या, अशी ही वाटणी आहे.

काय करायचं?

तुमच्या गटांनी घ्यावीत अशी पाच कामं सांगते आणि थांबते.

एक, गटातल्या प्रत्येकीने आपल्या घराचा सातबारा काढून मोठ्याने वाचायचा. नाव कुठे आहे, 'इतर हक्का'त काय लिहिलंय, खासगी वनाची नोंद आहे का, हे बघायचं.

दोन, झाडं सुतळीने मोजून वहीत लिहून ठेवायची. व्यापारी यायच्या आधी. मुखत्यारपत्रावर सही करायची नाही आणि उक्ता सौदा करायचा नाही.

तीन, गटाने घाईच्या वेळेसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवायची. झाड बहुतेक वेळा आजारपण, फी किंवा लग्न यांच्या तारखेला पडतं.

चार, तोड, चराई, कुंपण यांचं काहीही ठरवताना तासांचा हिशोब मांडायचा आणि काटक्या-गवत नेणाऱ्या भूमिहीन बायकांना पहिल्याच बैठकीला बोलवायचं, कुंपण मोडल्यानंतर नाही.

पाच, झाडाचे पैसे आले की ते कुणाच्या खात्यात जाणार हे तोडीच्या आधी ठरवायचं. आमच्याकडे विसांचे पैसे दोघे भाऊ, सासूबाई आणि नणंद असे चौघांत वाटले गेले. भावाच्या वाट्यातून फीचं कर्ज फिटलं. वहिनीच्या स्वतःच्या खात्यात शून्य आलं. ते आम्ही आधी ठरवलं नव्हतं.

मुलगी आता नर्स आहे, ठाण्यात नोकरीला. मागच्या महिन्यात ती गावी आली होती तेव्हा मी तिथे होते. धुमारे तिच्या डोक्याच्या वर गेलेत. तिने वडिलांना विचारलं, "लक्ष्मी मुक्तीचा अर्ज कधी करताय?" वडील म्हणाले, "बघू." वहिनी गोठ्यात होती, तिने ऐकलं. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "बघू नको. सोमवारी तलाठी येतो."

तो सोमवार आला आणि गेला. अर्ज अजून झालेला नाही. पुढच्या सोमवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे. तुमच्या गावातल्या वहिनीबरोबर तुमच्यापैकी कोण जाणार आहे, ते जेवणाच्या सुट्टीत मला येऊन सांगा.